हॅलम साहेबाच्या अकरा बाटल्या

"हात लावू नका तिला! मास्तर असा नायतर कलेक्टर असा, हात मागं घ्या!"

आयेचा असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. चहाचे कप घेऊन मी आमच्या खोलीतून बाहेर पडत होतो, तो उंबऱ्यावरच थबकलो. गद्रे सर, म्हणजे ज्यांनी मला दापोलीच्या शाळेत इतिहास शिकवला ते, बंगल्याच्या मागच्या अंगणात ओणवे झाले होते. त्यांचा पुढे केलेला हात अर्ध्यावरच राहिला होता. आणि पाच फूटही उंची नसलेली माझी आये खराटा उगारून त्यांच्यासमोर उभी होती.

"अहो भागीरथीबाई, मी नुसता बघत होतो," सर म्हणाले.

"बघायचं तर लांबून बघा. डोळ्यांनी बघतात, हातांनी नाय."

"आये! सर आहेत ते. वेडबिड लागलंय का तुला?"

"सर असूं देत," असं म्हणून तिनं खराटा खाली केला, पण जागची हलली नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी मात्र हसून वेळ मारून नेली. दोघे चहा घेऊन पुढच्या पायरीवर जाऊन बसलो. आये तिथंच राहिली, त्या बाटल्यांची राखण करत.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, चिपळूणला एसटी डेपोत मेकॅनिक. कॅम्प दापोलीतला हा हॅलम बंगला कंपनी सरकारच्या काळात कुणा हॅलम नावाच्या गोऱ्या साहेबानं बांधलेला. पुढे तो दहा हातांतून फिरत मुंबईच्या एका शेठकडे आला. शेठनी माझ्या बापसाला माळी म्हणून ठेवला आणि मागच्या बाजूला राहायला दोन खोल्या दिल्या. मी जन्मलो तिथंच. मी दहावीत असताना बापूस गेला, पण आये त्या खोल्यांत राहिली, अंगण झाडत, झाडांना पाणी घालत. आता शेठच्या मुलांनी बंगला हॉटेलवाल्याला विकला होता. बंगला पाडायचा, मागचं सगळं सपाट करायचं, असं ठरलं होतं. त्याच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून सर आले होते. मी आलो होतो आयेला न्यायला. आणि आये काही केल्या येत नव्हती.

हे तिसऱ्यांदा चाललं होतं. माझी बायको रत्नप्रभा आठ महिन्यांची गरोदर. तिला आई नाही, माहेरी दोन भाऊ, तेही मुंबईला गिरणीच्या चाळीत. बाळंतपण चिपळूणलाच व्हायचं, आणि घरात बाईमाणूस म्हणून कोण? एकटी आये. मी हातापाया पडून सांगत होतो आणि तिचं आपलं एकच पालुपद. "आषाढात येते."

"आये, ज्येष्ठात बाळंतपण आहे. आषाढात येऊन काय करशील? आयतं पोर खेळवशील?"

"खेळवीन."

"आणि राहशील कुठं? हे सगळं पाडायला आलेत."

"तोडणकर मुकादमाला सांगितलंय मी. तो म्हणाला, मागची बाजू शेवटी घेऊ."

आता अशा बाईपुढे काय डोकं आपटायचं! मला कळत एवढंच होतं की तिचा जीव त्या बाटल्यांत अडकलाय.

त्या बाटल्या मी लहानपणापासून बघत होतो. बकुळीखाली दोन सुपं मावतील एवढा लांबट गोल, आणि त्याच्या कडेनं अकरा बाटल्या उलट्या रोवलेल्या, मान मातीत नि बूड आभाळाकडे. काच जाड, काळपट हिरवी. प्रत्येकीच्या खांद्यावर काचेचाच एक गोल बिल्ला चिकटवलेला, बंद्या रुपयाएवढा. त्यावर एक पक्षी आणि त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं. मधल्या मातीत अबोली लावलेली. आये सकाळी पहिला तांब्या तिथं ओतायची, मग घरातल्या माणसांना पाणी. त्या अबोलीचं फूल तिनं कधी स्वतः माळलं नाही, देवाला वाहिलं नाही. आषाढात एका ठरावीक दिवशी तिथं वाटीभर दूध ओतायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हितं हाय कोणतरी." बस्स. आमच्या कोकणात एवढं पुरे होतं. प्रत्येक जागेला राखणदार असतो, त्याचं नाव घेत नाहीत, त्याला विचारत नाहीत. मीही पुढे कधी विचारलं नाही.

पायरीवर चहा पीत सर म्हणाले, "दौलत, त्या साध्या बाटल्या नाहीत रे. कुठून आल्या?"

"बापसाला तळघरात सापडल्या म्हणे. शेठ म्हणाले, फेकून दे. त्यानं नाही फेकल्या."

"बरं केलं. विलायतेत मोठी घराणी आपल्या नावाच्या बाटल्या करवून घेत. बाटली गरम असतानाच वर काचेचा गोळा ठेवायचा आणि त्यात घराण्याचा शिक्का दाबायचा. मग ती बाटली दारूवाल्याकडे भरायला गेली, शंभर बाटल्यांत मिसळली, तरी फिरून आपल्या घरी येणार. कुणाची ते विचारायलाच नको. ह्यांच्यावर हॅलमचं नाव आहे." ते थांबले. "एक कळत नाही. शिक्का मिरवायला असतो. तुझ्या आईनं सगळे आतल्या बाजूला का वळवलेत?"

"तिलाच विचारा."

"नको बाबा, खराटा खायचा नाही मला!" सर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण एक सांगतो. इथं बुलडोझर फिरला की चुरा होईल त्यांचा. जमलं तर आधी काढून घे. दीडशे वर्षं टिकल्यात, आता एका दिवसात जातील."

झालं. ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

पुढच्याच आठवड्यात आये चार दिवस पालगडला भावाकडे गेली, पुतणीचं लग्न होतं. तिनं बंगला सोडून जाणं हेच नवल. पण भाऊ स्वतः न्यायला आला होता आणि मुकादमानं तिला पुन्हा शब्द दिला होता. मी मनात म्हटलं, हीच वेळ. बाटल्या काढायच्या, धुऊन लख्ख करायच्या, चिपळूणच्या खोलीत खिडकीत मांडायच्या. आये आली की बघेल, आपला बंगला आपल्या आधी इथं येऊन बसलाय. मग कशाला परत जाईल? रत्नानं ऐकलं तेव्हा तीही हसली. "डोकं चाललं म्हणायचं एकदाचं. इंजिनाशिवाय पण चालतं तर!"

गुरुवारी सुट्टी टाकून मी दापोलीला गेलो. कुदळ नाही लावली, खुरप्यानं हलक्या हातानं काढायचं ठरवलं. पण आधी नारळ आणला. राखणदाराची जागा मोडायची तर त्याला सांगायला नको? बापसासारखं मला गाऱ्हाणं घालता येत नव्हतं, तरी हात जोडून जमेल तसं बोललो. "बा महाराजा, जो कोण तू हितला असशील, आजवर माझ्या आयेच्या हातचं पाणी घेतलंस. आता ही जागा मोडतेय. राग धरू नको. आयेसंगं आमच्या घराकडं चल. आमच्यातला होऊन राहा. काय चुकलंमाकलं असेल तर पदरात घे." नारळ फोडला, पाणी अबोलीवर शिंपडलं. स्वतःवरच खूश झालो मी. मोठं शहाणपण केलं असं वाटलं.

अकराच्या अकरा बाटल्या धड निघाल्या, एकीलाही चरा नाही. अबोलीची दोन रोपं मुळांसकट घेतली. खड्डा पायानं बुजवला, पोत्यात पेंढा घालून बाटल्या बांधल्या आणि दुपारच्या गाडीनं चिपळूण. शुक्रवारभर रत्ना आणि मी चिंच नि राख लावून घासत होतो. ओळीनं खिडकीत मांडल्या, शिक्के बाहेर, चांगले दिसतील असे. संध्याकाळचं ऊन त्यातून आलं आणि खोलीभर हिरवा उजेड पसरला. रत्ना पोटावर हात ठेवून बघत बसली. म्हणाली, "आत्याबाई रडतील हो आनंदानं."

शनिवारी मी पालगडला गेलो. आये म्हणाली, "आधी दापोलीला सोड."

"नाही. आधी चिपळूण. तुला एक गंमत दाखवायचीय."

"मला नको गंमत. मी सांगितलंय आषाढात येते म्हणून."

"दोन तास ये. नाही आवडलं तर मी स्वतः परत पोचवतो. रत्नाची शपथ."

सुनेच्या नावावर ती गाडीत चढली. वाटेत दोनदा विचारलं, "गंमत म्हणजे काय?" मी मिशीत हसत राहिलो. अजून ते हसणं आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दुपारचे दोन वाजले असतील. रत्नानं दार उघडलं, आयेच्या पाया पडायला वाकायला लागली तर आयेनं "राहू दे गो, पोट दाबेल" म्हणून तिला धरलं. आणि तशीच तिची नजर खिडकीकडे गेली.

ती हळूहळू खिडकीशी गेली. बोट लावून एकेक मोजली. अकरा झाल्या. मग एक उचलून पोटाशी धरली.

"कोणी काढल्या?"

"मी! एकही फुटली नाही, बघ. आता तुला तिथं..."

"कवा?"

"परवा. गुरुवारी."

"माती?"

"कसली माती?"

"खालची माती रे! खाली काय होतं ते? तू किती खणलंस?"

"एवढंसं. वीतभर. आये, काय झालं? बस तू आधी."

ती खाली बसली. बसली कसली, कोसळलीच. रत्ना पाणी घेऊन आली ते तिनं घेतलं नाही. बाटली पोटाशी तशीच होती.

"तुझी बहीण हाय तितं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मला बहीण नव्हती. मी एकुलता एक. तसंच मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

"तुझ्या आधी दोन वरसं. नऊ दिवसांची झाली नि गेली. आषाढ होता, पाऊस असा लागलेला की मसणवट्याकडच्या वहाळाला माणूसभर पाणी. पलीकडं जायची सोय नाय. दात न आलेलं पोर, जाळत नाय, पुरतात. तुझ्या बापसानं बकुळीखाली खणलं. शेठला कळलं असतं तर त्याच पावसात आम्हाला भाईर काढलं असतं. बंगल्यात मढं पुरलं म्हणून. त्यानं माझ्याकडून शपथ घेतली. कुणाला बोलायचं नाय, पोटच्या पोराला पण नाय."

"अगं पण आये, बापूस जाऊन इतकी वर्षं झाली..."

"शपथ गेली नव्हती ना."

रत्ना भिंतीला टेकून उभी होती. तिचे दोन्ही हात पोटावर.

"आणि ह्या बाटल्या?" मी विचारलं.

"तिला नाव नव्हतं रे," आये म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू फुटलं. "सहाव्या दिवशी सटी पुजली, बारशाला तीन दिवस होते. बिननावाची गेली. देवानं तितं विचारलं, कोण गो तू, तर काय सांगेल? तुझा बापूस म्हणाला, साहेबाच्या बाटलीवर बिल्ला हाय ते नाव हाय, काचेतलं, कधी पुसायचं नाय. मी म्हटलं, तेच लाव. कुणाचं तरी नाव असूं दे तिच्याजवळ. म्हणून सगळी नावं तिच्याकडं तोंड करून लावली. भाईरच्यांना दाखवायला नव्हतीच ती."

त्या खोलीत तो हिरवा उजेड होता आणि मला कुठं तोंड लपवावं कळेना. पंचवीस-तीस वर्षं ही बाई रोज सकाळी पहिला तांब्या आपल्या लेकीला देत होती, नि मी बाजूला दात घासत उभा असायचो. मी ओक्साबोक्शी रडलो. "आये, मला कुठं ठाव होतं गं," एवढंच परत परत म्हणत राहिलो.

"खणलंस तर खणलंस," ती थोड्या वेळानं म्हणाली. "तू वरवर खणलंस. ती खाली हाय. जागा हाय ना? जाऊ आपण. परत लावू बाटल्या. आषाढापर्यंत राहूं देत तितं, मग मी तिची माती घेऊन येते. तेवढ्यासाठीच थांबले होते रे मी. तिच्या दिवशी न्यायची होती तिला, आपल्याबरोबर."

रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही दापोलीला गेलो. बाटल्या पोत्यात, पोतं माझ्या मांडीवर.

बंगला अजून उभा होता. आम्ही बाजूनं मागं गेलो आणि मी जागच्या जागी थिजलो. मागं काहीच नव्हतं. बकुळ नव्हती, विहीर बुजवलेली, आमच्या दोन खोल्या नव्हत्या, कुंपणाच्या गडग्याचा दगडसुद्धा उरला नव्हता. अर्धा एकर नुसती लाल माती, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दाबून सपाट केलेली. कडेला बुलडोझर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर सावलीत विडी ओढत बसला होता.

"मागची बाजू शेवटी घेणार होते ना?" मी विचारलं.

"माल उतरवायला जागा लागली, म्हणून घेतली अगोदर. तुम्ही त्या म्हातारीचे का? मुकादमानं मला बजावलं होतं, म्हातारीच्या बाटल्या हायत तितं मशीन न्यायची नाय, वळसा घालून जा. ती आली की स्वतः काढंल. पण काल येऊन बघतो तर बाटल्याच नव्हत्या. म्हटलं, काढल्या वाटतं. खोल्यांतलं सामान पुढच्या ओसरीवर ठेवलं नि फिरवली मशीन."

त्याचा काय दोष? मुकादमानं बाटल्यांपुरता शब्द पाळला होता. बाटल्या असत्या तर बाटल्यांनी राखली असती ती जागा. कुणी मोडली? मी. चिंच आणि राख लावून मी ती मोडली होती.

आये त्या मातीत चालू लागली. चार पावलं जायची, थांबायची, मान वळवून बंगल्याच्या मागच्या खिडकीकडे बघायची, पुन्हा चार पावलं दुसरीकडे. "बकूळ हितं होती," म्हणायची. मग, "नाय, हितं विहीर." जरा वेळानं तिला काहीच सांगता येईना. तिच्या पायांचे ठसे त्या सपाट मातीत इकडून तिकडून गेले होते. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"तू काढल्यास ना? तुझ्या हातांनी? तीन दिवस झाले फक्त. दाखव मला. कुठं रे होती?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगतो, मला काहीही माहीत नव्हतं. झाड नाही, खोली नाही, कशावरून ओळखायचं? पण ती माझ्याकडे अशी बघत होती की नाही म्हणायला जीभच रेटेना. मी पंधरा-वीस पावलं चाललो, थांबलो आणि बोट दाखवलं.

"ही बघ. इथं."

"नक्की?"

"नक्की. मी नाही विसरणार."

ती तिथं उकिडवी बसली. दोन्ही हातांनी माती बाजूला करू लागली. थोडी माती काढली, हात थांबला. बोटं तिथंच फिरवत राहिली. मग मान वर करून तिनं माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघत होती देव जाणे.

"व्हय," ती म्हणाली. "हीच."

मी तिच्या बाजूला बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "आये, मी तसंच नव्हतं गं खणलं. आधी नारळ फोडला होता. गाऱ्हाणं घातलं होतं."

"काय म्हणालास? सगळं सांग."

मी शब्दन् शब्द सांगितला. जो कोण तू असशील. आयेच्या हातचं पाणी घेतलंस. आमच्या घराकडं चल, आमच्यातला होऊन राहा. आये डोळे मिटून ऐकत होती.

"तू बोलावलंस तिला," ती म्हणाली. "भाऊ होतास, बोलावलंस. बरं केलंस." तिनं पदराच्या टोकात चिमूटभर माती बांधली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "चल. रत्ना एकटी हाय."

तीन महिने मी ज्यासाठी डोकं फोडत होतो ते असं झालं. आये माझ्याबरोबर आली. येताना मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

बाटल्या पुन्हा खिडकीत गेल्या नाहीत. आयेनं एकेक जुन्या लुगड्यात गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवली. गद्रे सरांनी एकदा विचारलं, मुंबईच्या संग्रहालयात देऊ या का म्हणून. मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं नाही.

ज्येष्ठात रत्नाला मुलगी झाली. नर्सनं पोर आयेच्या हातात दिलं तसं तिनं तिच्या कानाला तोंड लावलं आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"नाव सांगितलं."

"अगं, बारसं अजून..."

"तुमचं तुम्ही ठेवा बाराव्या दिवशी. मी आजच सांगून ठेवलं. बिननावाची नको माझी नात, एक दिवस पण नको."

ते नाव काय होतं ते तिनं कधी सांगितलं नाही. आणि मी विचारायची हिंमत केली नाही.

त्यानंतर दर आषाढात आम्ही दापोलीला जायचो, मी आणि आये. हॉटेल झालं, कुंपण झालं, मी दाखवलेल्या जागी त्यांनी मुलांचे झोपाळे बसवले. आये कुंपणाच्या तारेतून हात घालून पलीकडे अबोलीची फुलं टाकायची. एकोणीस वर्षं. दर वर्षी विचारायची, "झोपाळ्यापाशी ना रे?" आणि दर वर्षी मी म्हणायचो, "हो आये, झोपाळ्यापाशी." ते खोटं होतं हे रत्नालाही मी कधी सांगितलं नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आये अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिचे पाय चेपत बसलो होतो. बाकी घरात कुणी नव्हतं. मला वाटलं तिला डोळा लागलाय.

"दौलत," ती म्हणाली, "झोपाळ्यापाशी नाय ती."

माझे हात थांबले.

"त्याच दिवशी कळलं मला. हात घातला तर चार बोटांवर कातळ लागला. अख्खा जांभा दगड. तितं तुझ्या बापसाला वीतभर पण खणता आलं नसतं."

"आये... मग तू हीच का म्हणालीस? एकोणीस वर्षं तू तिथं फुलं..."

"तुझं तोंड बघितलं मी." ती एकेका शब्दाला दम घेत होती. "एक पोर त्या मातीत हरवलं होतं. दुसऱ्याला पण तितंच टाकून येऊ?"

मी पुन्हा तिचे पाय चेपू लागलो.